प्रौढशिक्षण, मराठवाड्यातील

प्रौढशिक्षण, मराठवाड्यातील : शालेय वयात शिक्षणाची संधी न मिळालेल्या वा ती अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांना अक्षरओळख, अंकज्ञान आणि जीवनोपयोगी ज्ञान देण्याचे संघटित प्रयत्न म्हणजे प्रौढशिक्षण होय. साक्षरता ही त्याची पहिली पायरी असून मिळालेली साक्षरता टिकविणे, वाढविणे व दैनंदिन व्यवहारात उपयोगी पडेल अशी करणे या पुढील पायऱ्यांना निरंतर शिक्षण असे म्हणतात. महाराष्ट्रात पहिल्या पायरीसाठी अनेकदा मोठ्या मोहिमा झाल्या. दुसरी पायरी मात्र बहुधा अपुरीच राहिली. मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या अवर्षणप्रवण व स्थलांतराच्या तालुक्यात, या उणिवेचे परिणाम अधिक ठळकपणे दिसतात.

आष्टी हा बीड जिल्ह्याचा पश्चिमेकडील सीमावर्ती तालुका. त्याला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा लागून असून जामखेड हे त्या जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आष्टीपासून जवळच आहे. बालाघाटच्या डोंगररांगा, पर्जन्यछायेचा प्रदेश, हलकी जमीन आणि ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती ही या भूभागाची सर्वसाधारण वैशिष्ट्ये होत. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची सीमा असली, तरी १९४८ पर्यंत ती दोन राजवटींची सीमा होती : पश्चिमेस ब्रिटिशांचा मुंबई इलाखा व पूर्वेस निजामाचे हैदराबाद संस्थान. भाषा, पिके, सणवार व सोयरिकी दोन्हींकडे सारख्याच होत्या; शिक्षणाचा इतिहास मात्र निराळा घडला.

सीमेपलीकडील पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात प्रौढांच्या शिक्षणाचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर कष्ट करणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. शिकणाऱ्याने शाळेच्या वेळेशी जुळवून घ्यावे, ही अपेक्षा बाजूस ठेवून शाळेनेच शिकणाऱ्याच्या सवडीशी जुळवून घ्यावे, हे प्रौढशिक्षणातील मूलतत्त्व या उपक्रमात आढळते. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनातही फुले यांनी सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकरीवर्गाच्या कष्टातून येत असता त्या वर्गाच्या शिक्षणाची उपेक्षा होते, याकडे लक्ष वेधले होते.

पुढे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीग या संस्थेने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये व व्याख्याने यांची व्यवस्था केली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले. तसेच विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला १९१० मध्ये पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची जोडसाखळी उभारली व फिरती ग्रंथालये खेड्यांपर्यंत नेली. शाळेत शिकलेले अक्षर ग्रंथालयाच्या आधाराने टिकते, ही दृष्टी त्यामागे होती. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने बाळ गंगाधर खेर यांच्या नेतृत्वाखाली प्रौढशिक्षणाला शासकीय धोरणात स्थान दिले. १९३९ मध्ये मुंबई शहर प्रौढशिक्षण समिती स्थापन झाली. पुढे मुंबई शहर समाजशिक्षण समिती या नावाने तिने महाराष्ट्रातील या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले.

हैदराबाद संस्थानातील स्थिती : निजामी राजवटीत संस्थानाची राजभाषा उर्दू होती. हैदराबाद येथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो महत्त्वाचा प्रयोग होता, हे खरे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी वा कन्नड असल्याने तिला त्याचा लाभ मर्यादित प्रमाणातच झाला. कचेरी व न्यायालय यांचा व्यवहार मुख्यतः उर्दूत चाले. परिणामी मराठी अक्षरे गिरविलेल्या शेतकऱ्यालाही स्वतःसंबंधीचा सरकारी कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागे. अशा परिस्थितीत साक्षर होण्यामागील व्यावहारिक प्रेरणाच क्षीण होते, ही गोष्ट पुढील इतिहास समजण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सार्वजनिक सभांना पूर्वपरवानगी आवश्यक ठरविणारा ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखला जाणारा हुकूम आणि खाजगी शाळांवरील निर्बंध यांमुळे रात्रशाळा, वाचनालये व व्याख्यानमाला यांसारख्या लोकशिक्षणाच्या साधनांची वाढ खुंटली. तरीही काही केंद्रे उभी राहिली. आताच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील योगेश्वरी शिक्षणसंस्थेत स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांनी अध्यापन केले. हिप्परगा व अंबाजोगाई येथील शिक्षक-विद्यार्थ्यांतूनच पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते आले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले व त्यानंतर मातृभाषेतील शिक्षणाच्या मागणीला संघटित स्वरूप आले. मात्र ही सर्व केंद्रे प्रामुख्याने मुलांच्या व तरुणांच्या शिक्षणाची होती. डोंगरपट्ट्यातील प्रौढ शेतकरी व शेतमजूर त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर झालेल्या १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते.

समाजशिक्षण व ग्रामशिक्षण मोहीम : स्वातंत्र्यानंतर मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या शिक्षणमंत्रिपदाच्या काळात प्रौढशिक्षणाच्या कल्पनेला व्यापक रूप देण्यात येऊन ‘समाजशिक्षण’ ही संज्ञा रूढ झाली. साक्षरतेबरोबरच आरोग्य, नागरिकत्व, व्यवसाय व मनोरंजन यांचा तीत अंतर्भाव होता. सामूहिक विकास योजनेत (१९५२) समाजशिक्षणाला स्थान मिळाले. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला आणि आष्टीची जुनी राजकीय सीमा खऱ्या अर्थाने नाहीशी झाली.

याच सुमारास सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ‘ग्रामशिक्षण मोहीम’ सुरू झाली. पुढे १९६१ नंतर ती टप्प्याटप्प्याने राज्यभर विस्तारली. गावातील सर्वसाधारणपणे १४ ते ५० वयोगटातील सर्व निरक्षरांना गावानेच साक्षर करावयाचे, हे तिचे सूत्र होते. प्राथमिक शिक्षक, शिकलेले ग्रामस्थ आणि विद्यार्थी विनावेतन शिकवीत. देऊळ, चावडी, शाळेची पडवी वा एखाद्याच्या घराची ओसरी येथे कंदिलाच्या उजेडात वर्ग भरत. संपूर्ण गाव साक्षर झाल्यावर ‘ग्रामगौरव समारंभ’ होई व त्या प्रसंगी साक्षरता टिकविण्याची सामूहिक प्रतिज्ञा घेतली जाई. खर्च अत्यल्प, सहभाग व्यापक आणि गावाच्या प्रतिष्ठेला केलेले आवाहन ही तिची बलस्थाने होती. युनेस्कोनेही तिची दखल घेतली. क्यूबात १९६१ मध्ये झालेल्या साक्षरता मोहिमेशी काही बाबतींत तिचे साम्य दिसते. तथापि क्यूबात क्रांतीनंतरच्या शासनाने देशभरातील तरुणांना एका वर्षापुरते खेड्यांत पाठविले होते. महाराष्ट्रात मात्र मुख्य भार गावावर व गावच्या शिक्षकावर होता.

या मोहिमेच्या मर्यादाही लवकरच दिसून आल्या. पहिला टप्पा सुमारे चार महिन्यांचा असे. तेवढ्या अवधीत मिळविलेली अक्षरओळख पक्की होण्यापूर्वीच वर्ग बंद होत. नवसाक्षरांसाठी पुस्तके काढण्यात आली. परंतु गावोगावी त्यांचा नियमित पुरवठा, वाचनालय व मार्गदर्शक यांची कायम व्यवस्था सर्वत्र होऊ शकली नाही. समारंभाने कार्याची सांगता झाली असे मानण्याची प्रवृत्ती वाढली. ज्या घरात वाचावयास काही नाही व लिहिण्याचे प्रयोजन नाही, तेथे अक्षर विस्मरणात जाऊन प्रौढ व्यक्ती पुन्हा निरक्षर होते. ग्रामगौरव झालेल्या अनेक गावांतही हेच घडले.

कार्यात्मक साक्षरता : तेहरान येथे १९६५ मध्ये भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक परिषदेने साक्षरतेची सांगड उत्पादक कार्याशी घालण्याचा आग्रह धरला. याच काळात ब्राझीलचे शिक्षणतज्ञ पाउलू फ्रेअरी (१९२१–९७) यांनी शिकणाऱ्याच्या जीवनातील शब्दांपासून व प्रश्नांपासून शिक्षणास आरंभ करण्याची पद्धत मांडली. भारतात १९६७–६८ पासून शेतकरी प्रशिक्षण व कार्यात्मक साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. सुधारित बियाणे व खते वापरणाऱ्या शेतकऱ्यास त्यासंबंधीचे लेखी मार्गदर्शन वाचता यावे, हा त्याचा हेतू होता. कोरडवाहू मराठवाड्यात सुधारित शेतीचा प्रसारच मर्यादित असल्याने हा कार्यक्रम तेथे विशेष रुजला नाही.

तेथे साक्षरतेची निकड वेगळ्याच मार्गाने पुढे आली. १९७२ च्या तीव्र दुष्काळात दुष्काळी कामांवर व पुढे रोजगार हमी योजनेच्या कामांवर लक्षावधी स्त्री-पुरुष खडी फोडण्यास व बांधबंदिस्तीस गेले. या योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला. परंतु मागणीचा अर्ज, हजेरीपट, कामाचे मोजमाप व त्यावरून ठरणारी मजुरी हे सर्व कागदावर होते. अंगठा उठविणाऱ्या मजुराला आपल्या नावापुढे किती दिवस लावले व किती रक्कम मांडली, हे पडताळता येत नसे. लेखी स्वरूपातील हक्क निरक्षराच्या हाती अपुराच पडतो, हे या योजनेने स्पष्ट केले.

राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७८ रोजी झाला. १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत शिक्षण देणे हे त्याचे उद्दिष्ट होते. साक्षरता, कार्यक्षमता व सामाजिक जाणीव असे त्याचे तीन घटक होते. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८० मध्ये त्याचा आढावा घेतला. ठराविक मुदतीची केंद्रे व मानधनावरील शिक्षक या चौकटीत उद्दिष्टाइतकी मजल गाठता आली नाही.

जामखेडचा अनुभव : आष्टीलगतच्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प हा मूलतः आरोग्याचा असला, तरी प्रौढशिक्षणाच्या इतिहासातही त्याला महत्त्व आहे. प्रकल्पाने गावोगावच्या स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण दिले. त्यांतील अनेक निरक्षर व दलित वा अन्य उपेक्षित समाजांतील होत्या. एकदाच प्रशिक्षण देऊन पाठविण्याऐवजी त्यांना ठराविक काळाने, बहुधा दर आठवड्यास, पुन्हा एकत्र आणले जाई. गावातील अनुभव त्या सांगत, एकमेकींकडून शिकत व नवी माहिती घेऊन परत जात. प्रसूती, बालकांचे अतिसार व कुपोषण, पिण्याचे पाणी यांसंबंधीचे ज्ञान त्यांनी घरोघरी पोहोचविले. महिला मंडळे व शेतकरी मंडळे यांची जोड या कामास मिळाली. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रेमन मॅगसायसाय पुरस्कार देण्यात आला. निरंतर शिक्षणाला साक्षरतेची वाट पाहत थांबावे लागत नाही. उलट शिकलेल्याचा प्रत्यक्ष उपयोग होऊ लागला म्हणजे साक्षरतेची इच्छा आपोआप निर्माण होते, हा या अनुभवाचा बोध होय.

ऊसतोडणी व शिक्षणाचे वेळापत्रक : आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर इ. तालुक्यांतून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात व कारखान्यांचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून हंगामापूर्वी ‘उचल’ घेतली जाते व तोडलेल्या उसाच्या वजनानुसार ती फेडली जाते. नवरा-बायकोच्या जोडीस ‘कोयता’ असे म्हणतात. उचलीची रक्कम, वजनाच्या पावत्या, कापून घेतलेला खर्च व शिल्लक बाकी हा सर्व हिशेब लेखी असतो. तो वाचता न येणाऱ्या जोडीला मुकादमाच्या शब्दावरच विसंबावे लागते. हिशेब न उलगडल्याने बाकी फिरून पुढील हंगामाच्या उचलीत जमा होते व पुढील वर्षीही कोयता हाती घेणे भाग पडते.

या जीवनक्रमाचा साक्षरता वर्गांवर प्रत्यक्ष परिणाम होतो. राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या तीन भागांच्या वाचनपाठमालेसाठी सुमारे २०० तासांचे अध्यापन गृहीत धरलेले होते. रोज दीड तास धरल्यास त्यासाठी चार ते साडेचार महिने सलग लागतात. ऊसतोड कुटुंब गावी असते ते महिने उन्हाळ्याची पाणीटंचाई व खरिपाची धांदल यांचे असतात. दिवाळीनंतरच्या ज्या सवडीच्या रात्री अन्यत्र वर्गाला सोयीच्या ठरतात, त्या काळात हे शिकणारे उसाच्या फडाजवळच्या खोपीत असतात. मुलांसाठी कारखाना परिसरात साखरशाळा व गावी हंगामी वसतिगृहे यांची योजना झाली. प्रौढांसाठी मात्र त्या तोडीची व्यवस्था झाली नाही. त्यामुळे आईबापांबरोबर गेलेल्या व शाळा सुटलेल्या मुलांतून पुढील पिढीतील निरक्षर प्रौढ निर्माण होत राहिले.

संपूर्ण साक्षरता अभियान व नंतरचा काळ : राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना ५ मे १९८८ रोजी झाली. साक्षरतेचे निश्चित निकष प्रथमच व्यापक प्रमाणावर ठरविण्यात आले : मिनिटास ३० शब्द या गतीने सोपा मजकूर मोठ्याने वाचणे, मिनिटास ७ शब्द उतरवून काढणे, १ ते १०० अंक वाचता-लिहिता येणे इत्यादी. केरळमधील एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये संपूर्ण साक्षर म्हणून घोषित झाल्यावर जिल्हा हा घटक मानून स्वयंसेवकांच्या साहाय्याने संपूर्ण साक्षरता अभियान देशभर राबविण्यात आले. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग व वर्धा हे त्यातील अग्रेसर जिल्हे होत. पथनाट्ये, कलापथके, प्रभातफेऱ्या यांमुळे वातावरणनिर्मिती उत्तम झाली. तथापि अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालील तज्ञगटाने १९९४ मध्ये केलेल्या मूल्यमापनात अभियानोत्तर कार्यक्रम सुरू होण्यातील विलंबाने नवसाक्षरांची पीछेहाट होत असल्याचे दाखवून दिले. यातूनच १९९५–९६ पासून निरंतर शिक्षण केंद्रांची योजना आखण्यात आली. वाचनालय, चर्चामंडळ, व्यवसाय-मार्गदर्शन व माहितीकेंद्र यांची एकाच ठिकाणी सोय आणि तीवर ‘प्रेरक’ असे तिचे स्वरूप होते. साक्षर भारत ही योजना ८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू होऊन २०१८ पर्यंत चालली. प्रौढ स्त्रियांवर तिचा विशेष भर होता. २०२२ ते २०२७ या मुदतीचा नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील सर्व निरक्षरांसाठी असून तो मुख्यतः स्वयंसेवकांवर आधारलेला आहे.

महाराष्ट्राचे साक्षरताप्रमाण १९९१ मध्ये ६४.८७ टक्के, २००१ मध्ये ७६.८८ टक्के व २०११ मध्ये ८२.३४ टक्के होते. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ते सुमारे ७७ टक्के होते. पुरुषांत सुमारे ८६ टक्के तर स्त्रियांत सुमारे ६८ टक्के. म्हणजे स्त्री-पुरुषांतील तफावत जिल्ह्यात सुमारे १८ टक्क्यांची, तर राज्यात साडेबारा टक्क्यांच्या आसपास होती. हे आकडे सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्व लोकसंख्येचे असल्याने त्यांतील वाढीचा मोठा वाटा मुलांच्या शालेय शिक्षणाचा आहे. केवळ प्रौढांचा, त्यातही चाळिशीपुढील ग्रामीण स्त्रियांचा विचार केल्यास चित्र एवढे आशादायक राहत नाही. वय हा शिक्षणातील अडसर नाही, हे ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे २०१६ च्या महिला दिनी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’ने दाखविले. साठी ओलांडलेल्या स्त्रिया तेथे गुलाबी नऊवारी नेसून व पाटी-दप्तर घेऊन वर्गात येऊ लागल्या. वर्गाची वेळ घरकाम व शेतकाम उरकल्यानंतरची, दुपारची ठेवण्यात आली होती.

निरंतर शिक्षणाच्या संस्था : राज्यात निरंतर शिक्षणाच्या संस्थात्मक पायाभरणीचे काही महत्त्वाचे टप्पे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला व त्याने गावपातळीपर्यंतच्या ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार दिला. त्याच वर्षी देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ मुंबईत मुंबई शहर समाजशिक्षण समितीच्या वतीने सुरू झाले; अशा संस्थांना २००० पासून जनशिक्षण संस्थान हे नाव मिळाले. चित्रा नाईक (१९१८–२०१०) यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शाळाबाह्य मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचा प्रकल्प राबविला. वर्गाची वेळ व अभ्यासक्रम गावकऱ्यांच्या सल्ल्याने ठरविण्याची त्याची पद्धत प्रौढशिक्षणासही मार्गदर्शक ठरली. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे शालेय प्रमाणपत्र नसलेल्या प्रौढांनाही उच्च शिक्षणाचे द्वार खुले केले. तथापि लिहिता-वाचता नुकतेच येऊ लागलेली स्त्री आणि मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी यांच्यामधील पायऱ्या ग्रामीण भागात अद्याप तुटक आहेत. गावचे ग्रंथालय हीच त्यांतील पहिली पायरी असून मोठ्या अक्षरांतील, शेती, आरोग्य, मजुरी व कायदा यांविषयीची पुस्तके तेथे सातत्याने उपलब्ध असणे अगत्याचे ठरते.

समालोचन : १८५५ मधील रात्रशाळेपासूनच्या या वाटचालीत यश व अपयश यांचे एक सूत्र आढळते. जेथे शिक्षणाची वेळ शिकणाऱ्याच्या श्रमाच्या वेळापत्रकानुसार ठरली आणि शिकलेल्याचा उपयोग त्याच्या हिशेबात, आरोग्यात वा हक्कात झाला, तेथे ते टिकले. जेथे उद्दिष्टपूर्तीची घोषणा हाच शेवट मानला गेला, तेथे ते विरले. निजामी काळात भाषेच्या अडसरामुळे, पुढे मोहिमांच्या अल्पमुदतीमुळे आणि त्यानंतर हंगामी स्थलांतरामुळे मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यातील प्रौढ या सूत्राच्या बाहेर राहिला. त्याच्यासाठी शिक्षण गावात थांबून चालणार नाही. ते टोळीबरोबर उसाच्या फडापर्यंत जाणे व तिच्याबरोबरच गावी परतणे आवश्यक आहे. उचलीच्या हिशेबाखाली अंगठा उमटविण्यापूर्वी तो हिशेब स्वतः वाचून पाहणारी कोयत्याची जोडी, हीच या प्रदेशातील साक्षरतेच्या यशाची खरी कसोटी होय.